गॅरेजमध्ये अडकलेल्या गाडीचे दिवस आणि त्यांचा हिशेब: विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय: अपघातग्रस्त वाहनाच्या दुरुस्तीतील विलंब आणि त्या काळातील पर्यायी वाहनाचा खर्च

महोदय,

अपघातात नुकसान झालेली मोटार दुरुस्त होऊन परत येईपर्यंतच्या काळाचा भुर्दंड आजच्या भारतीय मोटार विमाव्यवस्थेत बहुतांशी वाहनमालकावर पडतो. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना कर्जाचा हप्ता थांबत नाही, विम्याची मुदत सरत राहते, आणि कामावर, दवाखान्यात किंवा मुलांच्या शाळेत जाण्यासाठी रिक्षा, टॅक्सी वा भाड्याची गाडी यांवर रोज पैसे मोजावे लागतात. पण हा खर्च मूळ पॉलिसीच्या हिशेबात कोठेही धरला जात नाही. हे पत्र त्या खर्चाविषयी आणि त्याला कारण ठरणाऱ्या विलंबाविषयी आहे. ते प्राधिकरणाला उद्देशून लिहिले आहे, कारण गॅरेज, वाहन-उत्पादक आणि विमा कंपनी या तिघांपैकी प्राधिकरणाचा अधिकार थेट चालतो तो विमा कंपनीवर, आणि उरलेल्या दोघांना शिस्त लावण्याचा सर्वांत जवळचा मार्गही विमा कंपनीच्या दारातूनच जातो.

प्राधिकरणाने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ च्या विनियमांनुसार सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचे मूल्यमापन करणारा परवानाधारक तज्ज्ञ, दाव्याची सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत नेमायचा होता आणि त्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा होता; जून २०२४ च्या सर्वसाधारण विम्यावरील मुख्य परिपत्रकाने ही नेमणूक २४ तासांवर, अहवाल १५ दिवसांवर आणि अहवाल हाती आल्यानंतरचा निर्णय ७ दिवसांवर आणला. कागदपत्रे अपुरी आहेत एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येणार नाही, हेही त्या परिपत्रकाने स्पष्ट केले. हे बदल स्वागतार्ह आहेत आणि त्यांचा लाभ लोकांना होत आहे. मात्र या सर्व मुदती दाव्याच्या कागदांना लागू होतात. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंतच्या काळाला कोणतीही मुदत नाही, आणि त्या काळाची नोंद वाहनमालकाला दाखवण्याचे बंधनही कोणावर नाही. दाव्याची रक्कम देण्यास उशीर झाला, तर बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. गाडी देण्यास उशीर झाला, तर कोणालाही काहीही द्यावे लागत नाही.

हा काळ नेमका कोठे खर्ची पडतो, हे बॉडी शॉपमध्ये, म्हणजे डेंटिंग-पेंटिंगच्या विभागात, एखादी समोरून ठोकर बसलेली गाडी कशी पुढे सरकते ते पाहिल्यास कळते. गाडी आत आल्यावर जॉब कार्ड निघते आणि सर्व्हिस ॲडव्हायजर बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीवरून एस्टिमेट तयार करतो: पुढचा बंपर, बॉनेट, डाव्या बाजूचा फेंडर, हेडलॅम्प. सर्व्हेअर फोटो घेतो, काही भाग बदलण्यास आणि काही ठोकून सरळ करण्यास मंजुरी देतो. त्यानंतर बंपर उतरवला की आतला आडवा पट्टा वाकलेला, एसीचा कंडेन्सर फुटलेला आणि रेडिएटरची बैठक सरकलेली आढळते. हे नुकसान पहिल्या एस्टिमेटमध्ये नसल्यामुळे पुरवणी एस्टिमेट करावे लागते, सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे लागते, आणि तो येईपर्यंत किंवा मोबाइलवरच्या फोटोंवरून होकार देईपर्यंत उघडलेली गाडी तशीच उभी राहते. काम पूर्ण झाल्यावर पुनर्तपासणी होते, अंतिम बिल कंपनीकडे जाते, आणि कॅशलेस पद्धतीत कंपनीने आपण किती रक्कम भरणार हे लेखी कळवल्याशिवाय, ज्याला गॅरेजमध्ये डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर म्हणतात तो आल्याशिवाय, गाडी सोडली जात नाही. पहिल्या नेमणुकीला २४ तासांची मुदत आहे, पण पुरवणी एस्टिमेटवरच्या मंजुरीला, पुनर्तपासणीला आणि डीओला प्रत्येकी किती वेळ लागावा हे वाहनमालकाला सांगणारा कागद त्याच्या हाती नसतो. शनिवारी संध्याकाळी तयार झालेली गाडी एका ईमेलसाठी मंगळवारपर्यंत उभी राहते, आणि त्या तीन दिवसांत कोणत्याही नियमाचा भंग झालेला नसतो.

या रखडण्यात पॉलिसीच्या जुन्या मजकुराचाही वाटा आहे. २००२ च्या मोटार दरपुस्तिकेतून आलेल्या आणि बहुतेक पॉलिसींत आजही छापल्या जाणाऱ्या एका अटीनुसार वाहनमालक स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती सुरू करू शकतो ती ५०० रुपयांपर्यंतची. त्या रकमेत आज मोटारीच्या बाह्यभागाचे कोणतेही अर्थपूर्ण काम होत नाही, म्हणून प्रत्येक दुरुस्ती, कितीही किरकोळ असली तरी, कंपनीच्या होकाराची वाट पाहत थांबते. दुसरीकडे, विमा कायद्याच्या कलम ६४ यूएम आणि त्याखालील विनियमांनुसार मोटारीच्या बाबतीत परवानाधारक सर्व्हेअरची सक्ती ५० हजार रुपयांपासून पुढच्या नुकसानीलाच आहे. म्हणजे लहान दाव्यांत फोटोंवरून त्याच दिवशी मंजुरी देण्यास कायद्याची आडकाठी नाही. ती ५०० रुपयांची मर्यादा वास्तवाला धरून वाढवली, तरी लहान दुरुस्त्यांची रांग बरीच कमी होईल.

सर्वांत मोठा विलंब मात्र सुट्या भागांचा असतो. भाग गाडीच्या चेसिस क्रमांकावरून मागवला जातो, तो जवळच्या डेपोत नसेल तर मध्यवर्ती गोदामातून आणि तेथेही नसेल तर कारखान्यातून किंवा परदेशातून येतो, आणि बॉडीचे भाग आल्यानंतर रंगवण्यासाठी आणखी वेळ लागतो. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या जागतिक तुटवड्यामुळे भारतात नव्या गाड्यांचे उत्पादन घसरले, तेव्हा ही साखळी किती नाजूक आहे हे सर्वांना दिसले. पण त्या अपवादात्मक वर्षाआधीही आणि नंतरही ‘पार्ट बॅक ऑर्डरमध्ये आहे’ हे गॅरेजमधले नेहमीचेच उत्तर राहिले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार-उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला मारक असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला होता. त्या आदेशावर पुढे अपिले झाली आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत राहिले. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारी हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक ठरवले. हे सर्व प्रयत्न प्राधिकरणाच्या कक्षेबाहेरचे आहेत हे मान्य; पण देशभरात वर्षभर सुटे भाग विकत घेण्यासाठी पैसे मोजणारा एक मोठा गट विमा कंपन्यांचा आहे, आणि भाग उशिरा आल्याची झळ ज्या दिवशी त्यांच्या ताळेबंदाला लागेल त्या दिवसापासून उत्पादकांशी होणाऱ्या बोलणीत भागांच्या किमतीबरोबर ते मिळण्याची मुदतही येईल.

येथे एक साधी गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. अपघातग्रस्त म्हणून गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या अनेक गाड्या प्रत्यक्षात चालण्याजोग्या असतात. मागचा दरवाजा चेपलेला, बंपर फाटलेला किंवा फेंडरला पोचा पडलेला असला, तरी दिवे, ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि दारांची कुलपे शाबूत असतील, तर सर्व्हेनंतर गाडी मालकाकडे परत देऊन, भाग मागवून, ते सर्व हाती आल्यावरच गाडी पुन्हा आत घेता येते. असे झाले, तर ज्या गाडीला भागांसाठी पाच आठवडे उभे राहावे लागले असते तिची प्रत्यक्ष अनुपस्थिती पाच-सहा दिवसांवर येते. तसे सहसा होत नाही, कारण दावा चालू असताना गाडी बाहेर गेली तर नवे नुकसान जुन्यात मिसळेल अशी कंपनीला भीती असते, आणि गाडी ताब्यात असली की काम हातचे जाणार नाही असे गॅरेजला वाटते. पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे तारीख आणि किलोमीटरची नोंद असलेले फोटो, जे सर्व्हेअर तसेही घेतोच. दुसरी भीती हा वाहनमालकाला अडकवून ठेवण्याचा आधार असूच शकत नाही. सर्व्हे अहवालात ‘वाहन रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे किंवा नाही’ असा एक रकाना सक्तीचा केला आणि सुरक्षित असल्यास भाग येईपर्यंत गाडी मालकाकडे ठेवण्याचा हक्क मान्य केला, तर एक पैसाही खर्च न होता हजारो कुटुंबांचे आठवडे वाचतील.

आता खर्चाकडे वळता येईल. पॉलिसीत ‘परिणामी हानी’ वगळलेली असते, म्हणजे अपघातामुळे वस्तूचे जे प्रत्यक्ष नुकसान झाले तेवढेच भरून मिळते आणि त्या नुकसानीच्या पाठोपाठ येणारा तोटा, उदाहरणार्थ गाडी नसल्यामुळे झालेला प्रवासखर्च किंवा बुडालेली कमाई, मिळत नाही. प्रत्यक्ष नुकसानीतूनही घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा होतो: प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीही नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, पहिल्या सहा महिन्यांत शून्यापासून दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. समजा साडेचार वर्षांच्या, १५०० सीसीच्या आतील गाडीच्या दुरुस्तीत, कर बाजूला ठेवून, धातूचे भाग ४० हजार रुपयांचे, प्लॅस्टिकचे ३० हजारांचे, काच १० हजारांची, रंगाचे साहित्य ८ हजारांचे आणि मजुरी २० हजारांची आहे. एकूण बिल १ लाख ८ हजार रुपये झाले. धातूवर ३५ टक्क्यांनी १४ हजार, प्लॅस्टिकवर निम्मे म्हणजे १५ हजार, रंगसाहित्यावर निम्मे म्हणजे ४ हजार, आणि सक्तीची वजावट १ हजार, असे ३४ हजार रुपये मालकाने भरायचे आणि ७४ हजार कंपनीने. हा हिशेब मूल्यमापनाच्या कागदावर ओळीओळीने छापलेला असतो आणि मालकाला तो पाहता येतो. आता या मालकाचे घर आणि कामाचे ठिकाण यांच्यातील प्रवास, वृद्ध आईवडिलांच्या तपासण्या आणि बाजारहाट मिळून रोज ७०० रुपये रिक्षा-टॅक्सीवर जातात आणि गाडी ४० दिवस उभी राहते असे धरले, तर २८ हजार रुपये होतात. म्हणजे ज्या खर्चाला मूल्यमापनाच्या कागदावर एक ओळही नाही, तो कागदावर दाखवलेल्या ३४ हजारांच्या जवळपास जातो. याच मालकाचा चार वर्षे दावा न केल्याबद्दलचा ४५ टक्के ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या विमाहप्त्यातील सवलत, पुढच्या नूतनीकरणात शून्यावर येतो, ते वेगळेच.

यावर विमा कंपन्यांचे उत्तर असे असते की अशा खर्चासाठी पूरक संरक्षण, म्हणजे जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला जोडता येणारे ॲड-ऑन, उपलब्ध आहे. ते उपलब्ध आहे हे खरे आहे. पण त्यात सामान्यतः रोजची एक ठरावीक रक्कम, ठरावीक कमाल दिवसांपर्यंत, आरंभीचे काही दिवस वगळून मिळते, आणि कंपनीच्या यादीतील गॅरेजची अट असते. कमाल दिवस बहुधा थोडेच असतात; भाग लवकर मिळाले तर पुरतात, भाग रखडले तर संपतात. म्हणजे विलंब जितका लांबतो तितके हे संरक्षण अपुरे पडत जाते, आणि ज्या परिस्थितीसाठी ते घेतले नेमक्या तीत मालक पुन्हा स्वतःच्या खिशावर येतो. पॉलिसी विकताना शून्य घसाऱ्याच्या ॲड-ऑनची माहिती आवर्जून दिली जाते, कारण त्याचा हप्ता मोठा असतो; दैनिक भत्त्याचे ॲड-ऑन पुष्कळांना अपघात झाल्यावरच कळते.

पैसे हाती असले तरी पर्यायी वाहन मिळणे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात सोपे नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाड्या १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेखाली येतात, त्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, आणि त्या योजनेने परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट घातली आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे अशा कंपन्या आहेत. गडचिरोली, हिंगोली किंवा सिंधुदुर्गातील तालुक्याच्या गावी त्या सहसा नसतात. तेथे लोक ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी पैसे देऊन वापरतात, आणि खासगी मोटारीची पॉलिसी भाडेतत्त्वावरील वापराला लागू होत नसल्यामुळे अशा गाडीला अपघात झाला तर दोन्ही कुटुंबे उघड्यावर पडतात. एका अपघाताच्या विलंबातून दुसऱ्या, विमासंरक्षण नसलेल्या अपघाताची शक्यता अशी तयार होते, आणि ही बाब नियामकाने गांभीर्याने घ्यावी इतकी मोठी आहे.

ज्यांचे पोटच गाडीवर आहे, त्यांची स्थिती याहून बिकट आहे. कर्जावर घेतलेली एकच टुरिस्ट टॅक्सी चालवणारा मालक-चालक, भाजीची पिकअप असलेला शेतकरी किंवा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी महिला यांच्यासाठी गाडी उभी राहणे म्हणजे उत्पन्न बंद होणे. व्यावसायिक वाहनाच्या पॉलिसीतही परिणामी हानी वगळलेलीच असते. अशा माणसाला महिनाभर भाड्याची गाडी घेऊन धंदा चालवणे परवडत नाही, कारण भाडे दिल्यावर हाती काही उरत नाही. पहिला हप्ता चुकतो, नंतर दुसरा, आणि दुरुस्त होऊन आलेली गाडी काही वेळा सावकाराच्या किंवा वित्तसंस्थेच्या ताब्यात जाण्यासाठीच आलेली असते. सुधारणांचा क्रम ठरवायचा असेल, तर तो या वर्गापासून सुरू व्हावा.

अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर गॅरेजच्या आधी पोलीस ठाण्याचा टप्पा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार तपासणीचे सोपस्कार झाल्यावर वाहन २४ तासांत परत करायचे असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात जप्त वाहने पोलीस ठाण्यांत दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, फोटो आणि हमीपत्र घेऊन ती सोडावीत, असे बजावले आहे. या टप्प्यावर प्राधिकरणाचा अधिकार चालत नाही, म्हणून येथे एवढा उल्लेख पुरे.

चूक दुसऱ्याची असली तरी फरक पडत नाही, हे अनेकांना सर्वाधिक बोचते. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धडक बसली, तरी मालक सामान्यतः स्वतःच्याच पॉलिसीवर दावा करतो, स्वतःचाच बोनस गमावतो आणि पर्यायी वाहनाचा खर्च स्वतःच करतो. धडक देणाऱ्याकडून तो वसूल करण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग आहे, कारण कायद्याच्या कलम १६५ मध्ये त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही समावेश होतो. पण जेथे मृत्यू आणि अपंगत्वाचे दावे वर्षानुवर्षे प्रलंबित असतात, तेथे महिन्याच्या टॅक्सीबिलांसाठी कोणी जात नाही, आणि जाऊ नये असेच बहुतेक वकील सांगतात.

इतर देशांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले, ते येथे उपयोगी आहे. जर्मनीच्या न्यायालयांनी १९६३ पासून असे मानले आहे की गाडी वापरता येणे यालाच पैशांत मोजता येणारे मूल्य आहे. म्हणून निर्दोष मालकाने पर्यायी गाडी भाड्याने घेतली नाही, तरी दुरुस्तीच्या दिवसांसाठी गाडीच्या वर्गानुसार तक्त्यातून ठरणारी दैनिक भरपाई दोषी पक्षाच्या विमा कंपनीकडून त्याला मिळते, फक्त त्या काळात गाडी वापरण्याची त्याची इच्छा आणि क्षमता होती एवढे दिसावे लागते. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला: तेथे निर्दोष मालकाला उधारीवर गाडी भाड्याने देऊन नंतर दोषी पक्षाच्या कंपनीकडून भाडे वसूल करणारा स्वतंत्र धंदा उभा राहिला, ही भाडी फुगत गेली, आणि तेथील स्पर्धा नियामकांना २०१२ ते २०१४ या काळात त्याची चौकशी करावी लागली, कारण अखेरीस तो बोजा सर्वांच्या विमाहप्त्यावर पडत होता. भारताने ब्रिटनचा मार्ग घेऊ नये. खुल्या बिलांची भरपाई गैरवापराला वाव देते. वर्गवार निश्चित दैनिक दर, जो प्रत्यक्ष खर्चापेक्षा थोडा कमी ठेवता येतो, तो वाव ठेवत नाही, आणि गाडी मुद्दाम उभी ठेवण्यात मालकाचाही फायदा राहत नाही.

तेव्हा प्राधिकरणाकडे मागणी अशी आहे की स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून देणाऱ्या प्रत्येक सर्वंकष पॉलिसीत वापर-हानी भत्ता, म्हणजे गाडी वापरता न येण्याच्या दिवसांसाठी ठरावीक दैनिक रक्कम, हा मूळ संरक्षणाचा भाग असावा, नको असल्यास तो लेखी नाकारण्याची मुभा असावी, आणि व्यावसायिक वाहनांसाठी त्याचा दर वेगळा, अधिक असावा. गाडी गॅरेजमध्ये आल्यापासून तिसऱ्या दिवशी तो सुरू व्हावा आणि भाग येण्याची वाट पाहण्याचे दिवस धरून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत चालावा. त्याला वर्षातील कमाल दिवसांची मर्यादा असण्यास हरकत नाही. पण सर्व्हेअरची नेमणूक, पुरवणी मंजुरी, पुनर्तपासणी किंवा डीओ यांत कंपनीमुळे गेलेले दिवस त्या मर्यादेत मोजले जाऊ नयेत, कारण ते अपघाताचे दिवस नाहीत, कंपनीच्या सेवेतील त्रुटीचे आहेत. पुरवणी एस्टिमेटलाही पहिल्या नेमणुकीसारखीच २४ तासांची मुदत असावी. कॅशलेस दाव्यात गॅरेज कंपनीच्या यादीतले असते, तिने त्याच्याशी करार केलेला असतो, आणि पॉलिसीच्या मजकुरानुसार रोख रक्कम देण्याऐवजी वाहन दुरुस्त करून देण्याचा पर्याय कंपनीकडेच असतो. ज्या व्यवस्थेत गॅरेज तिने निवडले त्या व्यवस्थेतल्या उशिराचे उत्तरदायित्वही तिचेच मानणे न्याय्य ठरते.

याहून सोपी आणि आजच करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे नोंद. गाडी आत आली, सर्व्हे झाला, मंजुरी मिळाली, भाग मागवले, भाग आले, काम संपले, डीओ आला, ताबा दिला, या प्रत्येक टप्प्याची तारीख मालकाला त्याच्या मोबाइलवर कळावी आणि प्रत्येक कंपनीने दाव्यांच्या वार्षिक प्रकटीकरणात सूचना मिळाल्यापासून वाहन परत मिळेपर्यंतचे सरासरी दिवस, गाडीच्या उत्पादकानुसार वेगळे करून, जाहीर करावेत. आज ग्राहक हप्ता आणि दावा-निकालाचे प्रमाण पाहून कंपनी निवडतो. गाडी किती दिवसांत परत येते हे त्याला ठाऊक असते, तर पॉलिसीचीच काय, गाडीचीही निवड तो वेगळी करील. पॉलिसीसोबत दिल्या जाणाऱ्या ग्राहक माहितीपत्रकात वापर-हानीविषयी एक स्पष्ट ओळ असावी, म्हणजे ती जोखीम कोणाच्या माथी आहे हे सहीपूर्वी कळेल.

हप्ता वाढेल हा आक्षेप खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण आजही हा खर्च होतोच आहे. तो फक्त ज्या घरावर अपघात कोसळला त्या एकाच घरावर पडतो. अनेकांवर विखुरल्यावर जो भार पेलता येतो तो एकावर पडू न देणे, यासाठीच विमा काढला जातो. शिवाय भत्ता कंपनीच्या खर्चाचा भाग झाला, की सर्व्हेअर लवकर पाठवणे, चालण्याजोगी गाडी परत देणे आणि भागांसाठी उत्पादकाशी भांडणे हे सर्व कंपनीच्याच हिताचे होईल. सामूहिक आपत्तीचा प्रश्न वेगळा हाताळावा लागेल हे मान्य करायला हवे: २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरासारख्या प्रसंगी गाड्यांबरोबर गॅरेजेही बुडतात आणि एकाच दिवशी आलेले दावे कोणत्याही यंत्रणेला नेहमीच्या मुदतीत निपटता येत नाहीत. अशा वेळी मुदत शिथिल करण्याचा अधिकार प्राधिकरणाने स्वतःकडे ठेवावा, कंपन्यांवर सोडू नये.

हे होईपर्यंत वाहनमालक पूर्णपणे हतबल आहेत असे नाही. ‘परिणामी हानी’ वगळणारे कलम अपघातातून येणाऱ्या तोट्याला लागू होते. कंपनीने किंवा गॅरेजने कारणाशिवाय लावलेला उशीर हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीचा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी जॉब कार्डची प्रत, गाडी कधी मिळेल याचे लेखी उत्तर, पुरवणी मंजुरीच्या तारखा आणि रिक्षा-टॅक्सीची बिले हाती असावी लागतात. फोनवर मिळालेल्या आश्वासनांचा तेथे उपयोग नसतो. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात समाधान झाले नाही, तर प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि विमा लोकपालाकडेही जाता येते. लोकपालाकडे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. तरीही अपघातातून नुकत्याच सावरलेल्या माणसाला आठवडाभराच्या उशिरासाठी या दारांवर पाठवणे हे व्यवस्थेचे उत्तर असू शकत नाही. नियम बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो वापरला, तर यांतील बहुतेक तक्रारी निर्माणच होणार नाहीत.

प्राधिकरणाने वापर-हानी भत्ता, पुरवणी मंजुरीची मुदत, चालण्याजोगी गाडी परत मिळण्याचा हक्क आणि टप्पानिहाय तारखांची नोंद, या चार बाबींवर जाहीर मसुदा काढावा, त्यावर वाहनमालक, टॅक्सीचालकांच्या संघटना आणि ग्राहक संस्थांच्या हरकती मागवाव्यात, आणि मसुदा मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.